तांत्रिक महाविद्यालयाचं साप्ताहिक पत्रक आणि कर्मचाऱ्यांचं कौतुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात आठवडाभर काय घडलं, पुढे काय आहे आणि कोण कोणाच्या उपयोगी पडलं, हे एका कागदावर आणण्याचं काम ज्यांच्याकडे आलं आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. हे काम बहुतेक वेळा ग्रंथपालांकडे, एखाद्या नव्या अधिव्याख्यात्याकडे नाहीतर कार्यालयातल्या लिपिकाकडे येतं आणि ते कसं करायचं हे कोणी सांगत नाही. पत्रक काढणारी मंडळी एकमेकांना जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत.

नोटीस बोर्ड आहे, मोबाईलवर ग्रुप आहेत. मग वेगळं पत्रक कशाला?

नोटीस एका कामापुरती असते आणि ग्रुपवरचा निरोप तासाभरात वर सरकून जातो. शिवाय तांत्रिक महाविद्यालयातली माणसं एकमेकांना फारशी दिसतच नाहीत. वर्गखोल्या एका इमारतीत, मशीन शॉप आणि वेल्डिंग शॉप मागच्या शेडमध्ये, परीक्षा विभाग भलत्याच मजल्यावर, आणि सर्व्हर रूमचं दार कायम बंद. परीक्षा विभागात रात्री आठपर्यंत दिवे का चालू असतात हे वर्कशॉपच्या निदेशकांना ठाऊक नसतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बॅचसाठी जॉब (यंत्रावर घडवायचे तुकडे) कापत कोण उभं होतं हे परीक्षा विभागाला ठाऊक नसतं. दर आठवड्याला सगळ्यांच्या हातात एकच कागद पडू लागला की ही ओळख होत जाते. पत्रकाचं मुख्य काम मी हेच मानते. तारखा कळवणं त्याच्या खालोखाल.

ते कोणत्या दिवशी काढावं?

आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, दुपारी. पहिल्या दिवशी सकाळी निघालेलं पत्रक वर्गात शिकवणाऱ्यांना चालतं, पण लॅब आणि वर्कशॉपला ते उशिरा मिळाल्यासारखंच असतं, कारण त्यांना स्टोअरमधून माल काढायचा असतो, यंत्रं तयार ठेवायची असतात. मजकूर घेणं आदल्या दिवशी दुपारी बंद करावं. त्यानंतर आलेला मजकूर पुढच्या आठवड्यात जाईल, मग तो प्राचार्यांच्या केबिनमधून का आलेला असेना.

घडामोडींमध्ये काय यावं?

ज्या गोष्टीने कोणाचं तरी काम अडणार आहे ती सगळ्यात वर. वीज बंद, एखादी लॅब परीक्षेसाठी राखून ठेवलेली, उपकरणं कॅलिब्रेशनला (अचूकता तपासून घ्यायला) गेलेली, वेळापत्रक बदललेलं, तपासणी समिती येणार असलेली. त्याखाली औद्योगिक भेटी, पाहुण्यांची व्याख्यानं, प्लेसमेंटच्या मुलाखती, स्पर्धा. होऊन गेलेल्या कार्यक्रमांचं वर्णन शेवटी आणि तेही थोडक्यात. व्यासपीठावर कोण कोण होतं ही यादी कोणी वाचत नाही.

बातमी लिहिताना वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं ते लिहावं. 'बुधवारी मशीन शॉपमध्ये देखभालीचं काम आहे' एवढ्याने भागत नाही. 'बुधवारी सकाळी 10 ते दुपारी 1 मशीन शॉपची वीज बंद राहील. सीएनसी यंत्रावर लावलेला जॉब मंगळवारी संध्याकाळपर्यंत उतरवून ठेवावा. बी बॅचचं प्रॅक्टिकल गुरुवारी त्याच वेळेला होईल. शंका असल्यास विद्युत देखभाल विभागात विचारावं.' या चार वाक्यांत निदेशक, विद्यार्थी आणि वेळापत्रक सांभाळणारे या तिघांनाही आपापलं काम कळतं आणि दिवसभरातले कितीतरी फोन वाचतात.

मजकूर कोणी वेळेवर देतच नाही. काय करावं?

मागणी विभागप्रमुखांकडे केली की ती खाली जाता जाता विरून जाते. प्रत्येक विभागात एक माणूस हाताशी धरा, आणि तो विभागप्रमुख नसला तर उत्तम. लॅब असिस्टंट, टूल रूमचे कर्मचारी, विभागाचे लिपिक यांना आठवड्याचं खरं चित्र माहीत असतं. त्यांना लिहून द्यायला सांगू नका. स्वतः जाऊन दोनच गोष्टी विचारा. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडच्या कुठल्या कामामुळे दुसऱ्या कोणाची अडचण होणार आहे? आणि या आठवड्यात तुमच्या मदतीला कोण आलं?

पहिल्या प्रश्नातून घडामोडी निघतात. दुसऱ्यातून कौतुकाचा सगळा मजकूर निघतो. 'तुमच्या विभागात कोणी चांगलं काम केलं?' असं विचारलं की लोक अवघडतात, नाहीतर वरिष्ठांचं नाव पुढे करतात. 'मदतीला कोण आलं' म्हटलं की क्षणभर विचार करून थेट नाव सांगतात आणि पाठोपाठ हकिगतही येते. पत्रक हाती घेतलेल्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, हा एक प्रश्न मात्र दर आठवड्याला विचारावा.

वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात सत्कार होतो. तेवढं पुरत नाही का?

नाही. वर्षाअखेरीस जे आठवतं तेच व्यासपीठावर येतं, आणि आठवतात मोठी कामं. एखाद्या आठवड्यात यंत्र बंद पडलं आणि कोणीतरी थांबून ते दुसऱ्या दिवशीच्या बॅचआधी चालू करून दिलं, ही गोष्ट दहा महिन्यांनी कोणाच्या ध्यानात राहणार? दोन-तीन दिवसांत तिचा उल्लेख झाला तर करणाऱ्यालाही ती ताजी असते आणि ज्यांचं प्रॅक्टिकल वाचलं त्यांनाही.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे, कारण तो आपल्यासारख्याच लोकांवर झाला होता. त्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं, कामात तुम्हाला विशेष बरं कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी वाटलं? बरं वाटल्याच्या हकिगतींमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: काम तडीस नेल्याचं समाधान आणि त्या कामाची कोणीतरी घेतलेली दखल.

पगार रखडतो, जागा रिकाम्या आहेत. अशात कौतुक म्हणजे तोंडाला पानं पुसणं नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग रास्त आहे. हर्झबर्ग यांच्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की वाईट वाटल्याच्या हकिगतींमध्ये पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक आणि संस्थेची धोरणं होती. ही दुखणी दखल घेतल्याने बरी होत नाहीत. त्यांचा इलाज वेगळाच करावा लागतो. ज्यांना वेळेवर पगार मिळत नाही त्यांच्यासमोर गोड वाक्यं ठेवली तर त्यांचा अपमान होतो, आणि पत्रकावरचा विश्वासही जातो.

म्हणून कौतुकाचा मजकूर हाती आला की एकदा थांबून पाहावं, की हे खरोखर कौतुक आहे की गाऱ्हाणं? 'यांनी पूर्ण सत्र तीन लॅब एकट्याने सांभाळल्या' हे वाक्य स्तुतीसारखं दिसतं, पण त्याचा अर्थ दोन माणसं कमी आहेत असा होतो. असा मजकूर छापा, जरूर छापा, पण छापण्याआधी तो प्राचार्यांपुढे ठेवा आणि रिकाम्या जागांचं काय झालं ते विचारा. उत्तर मिळालं तर तेही शेजारी छापा. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांबाबत तर हे कटाक्षाने पाळावं. त्यांच्या वाट्याला शाबासकी लवकर येते आणि हक्काच्या गोष्टी उशिरा.

कौतुक नेमकं कसं लिहायचं?

काय केलं, कधी केलं आणि त्यामुळे कोणाला काय फरक पडला, एवढं लिहायचं. विशेषणं गाळायची. हे सांगायला सोपं आहे, म्हणून एक नमुना घेऊ.

मेट्रॉलॉजी म्हणजे मापनशास्त्राच्या लॅबच्या सहायकांबद्दल सहसा असं लिहिलं जातं: 'प्रॅक्टिकल परीक्षा यशस्वी करण्यात त्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं.' यात त्यांनी काय केलं ते कुठेच नाही. नाव बदलून हेच वाक्य दुसऱ्या कोणालाही लावता येईल. आता त्या लॅबमध्ये परीक्षेआधी प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. प्रत्येक मायक्रोमीटरची (बारीक मापं घेण्याच्या उपकरणाची) मापन टोकं पुसायची, मग तो बंद करून शून्यावर येतो का ते बघायचं. येत नसेल तर शून्यत्रुटी किती आणि कोणत्या बाजूला आहे ते त्या उपकरणाच्या चिठ्ठीवर लिहायचं, कारण ती वजा केली नाही तर विद्यार्थ्याचं वाचन बरोबर असूनही उत्तर चुकतं. स्लिप गेज (ठरलेल्या अचूक मापाचे ठोकळे) हाताळल्यावर पुसून, गंजू नये म्हणून हलका थर लावून पेटीत ठेवायचे. लांबीच्या मापनासाठी प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस मानलेलं आहे, त्यामुळे खोली त्याच्या आसपास राहील हे बघायचं. संध्याकाळी सगळे मायक्रोमीटर पेटीत जाताना टोकांमध्ये थोडी फट ठेवायची, घट्ट आवळून ठेवायचे नाहीत.

हे कळलं की वाक्य आपोआप सुचतं: 'परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅब सहायकांनी सगळे मायक्रोमीटर तपासले आणि ज्यांत शून्यत्रुटी होती त्यांवर ती लिहून ठेवली. परीक्षेत एकाही विद्यार्थ्याला उपकरण बदलून मागावं लागलं नाही.' यात विशेषण एकही नाही. पण ज्यांनी ते काम केलं त्यांना कळतं की कोणीतरी आपलं काम पाहिलं आणि ते समजून घेतलं. आणि ज्या शिक्षकांना वाटत होतं की उपकरणं आपोआपच तयार असतात, त्यांनाही कळतं. असं लिहायला एकदा लॅबमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. त्याला पर्याय नाही.

इतक्या छोट्या कामाचं कौतुक केलं तर त्या माणसाला अवघडल्यासारखं होणार नाही का?

लिहिणाऱ्यालाच तसं जास्त वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज मागितला. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला होणारा आनंद कमी धरला आणि अवघडलेपण जास्त धरलं. शब्द नीट जमतील का, याचीही त्यांना काळजी होती. मिळणाऱ्यांचं लक्ष शब्दांपेक्षा आपुलकीकडे होतं.

ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा 2010 सालचा प्रयोगही ध्यानात ठेवावा. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींना त्या विभागाच्या संचालकांनी प्रत्यक्ष भेटून धन्यवाद दिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी केलेल्या फोनची संख्या सुमारे 50 टक्क्यांनी वाढली. ज्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं, त्यांची होती तशीच राहिली. मात्र काम वाढावं म्हणून कौतुक करू नका. लोकांना ते लगेच कळतं.

कोणाचं कौतुक नेहमी राहून जातं?

ज्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, त्यांचं. नेटवर्क सांभाळणारे, विद्युत देखभालीचे लोक, पंप ऑपरेटर, सफाई कर्मचारी, रात्रीचे सुरक्षारक्षक, स्टोअरकीपर. ऑनलाइन परीक्षा विनाखंड पार पडली तर विद्यार्थी घरी जातात, पर्यवेक्षक घरी जातात, सर्व्हर रूमकडे कोणी वळून पाहत नाही. सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर मंडळींसाठी जुलैचा शेवटचा शुक्रवार 2000 सालापासून पाळला जातो, तो यातूनच सुरू झाला.

वेल्डिंग शॉपमध्ये तर हे सगळ्यात ठळकपणे दिसतं. गॅसची नळी आणि रेग्युलेटरचे जोड साबणाच्या पाण्याने तपासले जातात. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या एका प्रकारच्या कांड्या) दमट राहिले तर वेल्डला तडे जाऊ शकतात, म्हणून ते ओव्हनमध्ये सुकवून ठेवले जातात. पडदे जागेवर आहेत का, जवळ काही पेटण्याजोगं पडलंय का, हे पाहिलं जातं. हे सगळं विद्यार्थी यायच्या आत होतं आणि त्यानंतरचं प्रॅक्टिकल बिनघोर जातं. अशा कामाची बातमी आपण होऊन येत नाही, ती शोधायलाच हवी. थोडक्यात टळलेला अपघात कोणी स्वतःहून कळवला असेल तर त्याचंही आवर्जून कौतुक करा. तसं झालं नाही, तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही.

दर आठवड्याला तीच ती नावं येतात.

एक साधी वही ठेवा: तारीख, नाव, विभाग, कशासाठी. महिन्याने चाळली की कोणता विभाग कोरा आहे ते दिसतं, मग त्या आठवड्यात त्या विभागात चक्कर मारा. प्रत्येक विभागाला ठरावीक कोटा मात्र देऊ नका, कारण मग विभागप्रमुख आळीपाळीने नावं पाठवू लागतात.

'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' निवडावा का?

माझं मत विचाराल तर नको. लेथ शिकवणारे निदेशक आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारे लिपिक यांची तुलना कशावर करणार? एकाला निवडून बाकीच्यांना आपण नकळत काहीतरी सांगत असतो.

मग बक्षीस? पैसे?

मोबदला पगारात द्यावा, जादा कामाचा भत्ता असेल तर तो पूर्ण आणि वेळेवर द्यावा. कौतुकाला पैसे चिकटवताना मात्र जपून. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. पैसे मिळू लागले आणि मग बंद झाले, तेव्हा कोड्यांतला त्यांचा रस कमी झाला. शब्दांनी शाबासकी मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

द्यायचंच असेल तर कामाला उपयोगी पडेल असं काही द्या. नवीन यंत्राच्या प्रशिक्षणाला पाठवा. प्रशिक्षणाला नेहमी अध्यापकच जातात आणि यंत्र रोज हाताळणारे सहायक मागे राहतात, हे बदलता येण्यासारखं आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं चांगल्या व्हर्नियरची (मापं घेण्याच्या उपकरणाची) मागणी केली आहे त्यांना तो आणून द्या. माणसाचं म्हणणं ऐकलं गेलं, हे यातून शब्दांपेक्षा जास्त पोहोचतं.

काहींना जाहीर कौतुक आवडत नाही. त्यांचं काय?

छापण्याआधी विचारा. नको म्हणाले तर हाताने लिहिलेली चिठ्ठी द्या आणि त्यांची परवानगी असेल तर तिची एक प्रत त्यांच्या सेवापुस्तिकेसोबत राहील असं पाहा. वाढदिवस, आजारपण, घरातल्या घटना या बाबतीतही हेच: त्यांनी होकार दिल्याशिवाय छापू नका.

विद्यार्थ्यांनी शिक्षकांचं आणि कर्मचाऱ्यांचं कौतुक केलं तर चालेल ना?

चालेल, पण वेळ पाहून. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुण बाकी असताना लिहिलेल्या स्तुतीला किंमत राहत नाही आणि न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर विनाकारण दडपण येतं. निकाल लागल्यावर मागवा. बाहेर पडणाऱ्या बॅचला विचारा की नोकरीच्या मुलाखतीत किंवा कामाच्या पहिल्या दिवशी इथली कोणती शिकवण उपयोगी पडली आणि ती कोणाकडून मिळाली. चक की (लेथवर जॉब पकडणारा चक आवळायची किल्ली) चकमध्ये कधीही सोडायची नाही, असं रोज बजावणाऱ्या निदेशकांचं नाव अशा उत्तरांत येतं तेव्हा ते जरूर छापावं.

वर्षात कोणते दिवस लक्षात ठेवावेत?

28 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरू केलेला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा दिवस. वर्कशॉपच्या लोकांचा उल्लेख करायला याहून योग्य तारीख नाही. 20 मे हा मापनशास्त्र दिन, कारण 1875 साली याच तारखेला पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या झाल्या. 15 जुलै हा युवा कौशल्य दिन संयुक्त राष्ट्रांनी 2014 साली जाहीर केला. 4 मार्च जागतिक अभियांत्रिकी दिन आहे. आणि 5 ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन 1994 पासून पाळला जातो. 1966 साली त्या तारखेला शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस मंजूर झाली होती आणि तिच्यात तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांचाही स्पष्ट समावेश आहे. या दिवसांच्या पत्रकात कौतुकाला थोडी जास्त जागा द्या, पण एरवीचे आठवडे कोरे ठेवून सगळं त्या दिवसांवर ढकलू नका.

कोणी निवृत्त होत असेल तर काय छापावं?

सेवेची वर्षं आणि भूषवलेली पदं दोन ओळींत आटपा. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते मिळवण्यात जागा खर्च करा. जुन्या मिलिंग मशीनच्या कोणत्या हँडलला किती ढिलाई आहे, कोणता आवाज आला की बेल्ट बघायचा, कोणत्या वेळी व्होल्टेज पडतं, हे मॅन्युअलमध्ये नसतं. निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधी त्यांच्यासोबत यंत्रापाशी उभं राहून ते टिपून घ्या, त्यांच्या नावाने आठवड्याला थोडं थोडं छापा. आधी आलेल्या भागावर सहकारी येऊन प्रश्न विचारतात आणि ते सांगताना त्यांनाही पुढचं आठवतं. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. माणूस गेल्यावर यंत्राला विचारता येत नाही.

पत्रक छापील असावं की मोबाईलवर?

दोन्ही. मोबाईलवर सगळ्यांना पोहोचतं, पण लेथवर किंवा वेल्डिंगच्या बूथमध्ये काम चालू असताना कोणी मोबाईल हातात घेऊ नये, आणि सफाई व सुरक्षा कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण ग्रुपमध्ये नसतात. छापील प्रत टूल रूमच्या खिडकीशेजारी, वॉचमनच्या केबिनमध्ये आणि चहा प्यायला बसतात तिथे लावा. अक्षर मोठं ठेवा, म्हणजे हात तेलकट असले तरी लांबून वाचता येतं.